चंद्रावरून परतताना एक माणूस कमी

गेल्या वर्षी एका कार्यक्रमाच्या निमित्तानं पुण्याला गेलो होतो. कार्यक्रम लवकर आटोपला. बार्शीची एसटी संध्याकाळची होती, म्हणून मधला वेळ अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनी पुस्तकं चाळण्यात घालवला. शोधत होतो एक जुना कवितासंग्रह. तो काही मिळाला नाही. पण ढिगाच्या तळाशी एक मोठ्या आकाराचं, पातळ, रंगीत पुस्तक दिसलं आणि मी तिथंच फुटपाथवर उकिडवा बसलो. मुखपृष्ठावर नारिंगी पोशाखातला एक पोरगेला माणूस, डोक्यावर पारदर्शक घुमट, मागे लाल-पांढऱ्या चौकटींचं रॉकेट. विक्रेत्यानं विचारलं, "काका, नातवासाठी का?" मी हो म्हणालो. ते खोटं होतं. मला अजून नातू नाही.

पुस्तक होतं टिनटिनच्या चंद्रसफरीचा दुसरा भाग, 'एक्सप्लोरर्स ऑन द मून'. पहिला भाग, 'डेस्टिनेशन मून', पुढे मुलीनं मागवून दिला. दोन्ही मिळून सव्वाशेच्या आतबाहेर पानं. एका रात्रीत वाचून होतात. मला मात्र ती वाचायला त्रेचाळीस वर्षं लागली असं म्हटलं तर चालेल.

ज्यांना टिनटिन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टिनटिन हा कपाळावर केसांचा झुपका असलेला तरुण बातमीदार. बातमी लिहिताना तो फारसा दिसत नाही, पण जगभर हिंडतो. सोबत स्नोई नावाचा पांढरा कुत्रा, दारूचा शौकीन आणि शिव्यांचा बादशहा कॅप्टन हॅडॉक, कानानं अधू असलेले प्रोफेसर कॅलक्युलस आणि सारखेच दिसणारे दोन बावळट गुप्तहेर. हे सगळं निर्माण केलं बेल्जियमच्या जॉर्ज रेमी या चित्रकारानं. नावाची आद्याक्षरं उलटी करून फ्रेंचमध्ये म्हटली की 'एर्जे' होतं, तेच त्याचं टोपणनाव. टिनटिन जन्मला १९२९ साली, एका कॅथलिक वृत्तपत्राच्या बालपुरवणीत. हा 'कॅथलिक' शब्द ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या पिढीतल्या लहान गावातल्या मुलांचं वाचन म्हणजे 'चांदोबा' आणि इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. टिनटिन ही मोठ्या शहरातल्या, इंग्रजी शाळेतल्या मुलांची चीज. माझ्यापर्यंत तो आला तो माझ्या मामूमुळे, १९८१ साली. मी दहा वर्षांचा होतो. मामू मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होता. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी आणून टाकायचे आणि मामू त्यांत तांब्याच्या तारा भरून द्यायचा. त्याचा हात असा होता, की त्यानं भरलेली मोटार लोक ओळखायचे. एकदा सोलापूरला तार आणायला गेला आणि येताना रद्दीवाल्याकडून हे पुस्तक घेऊन आला. मुखपृष्ठ नव्हतं, शेवटची दोन पानंही नव्हती. म्हणाला, "देख भांजे, रॉकेट का नक्शा है इसमें."

आमच्या घरी दखनी बोलली जायची, शाळा मराठी, आणि इंग्रजी पाचवीपासून. म्हणजे माझं इंग्रजी ए-बी-सी-डीपाशी अडलेलं. मामूला इंग्रजी यायचं ते मोटारीवरच्या पाटीपुरतं: व्होल्ट, अँपिअर, हॉर्सपॉवर. त्यामुळे आम्ही ते पुस्तक वाचलं नाही, पाहिलं. मामू चित्रावर बोट ठेवायचा आणि गोष्ट रचायचा. कॅप्टन हॅडॉकच्या तोंडी त्यानं घातलेल्या अस्सल बार्शीच्या शिव्या अम्मीच्या कानावर गेल्या, तेव्हा पुस्तक आठवडाभर जप्त झालं होतं.

आता ते इंग्रजीतून नीट वाचलं. आधी मामूच्या आवडीच्या गोष्टींविषयी, म्हणजे यंत्रांविषयी सांगतो. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा, पुढे मी मराठी घेऊन बी.ए. झालो. तेव्हा जे पडताळून पाहता आलं तेवढंच बोलतो.

ही कथा 'टिनटिन' साप्ताहिकात ३० मार्च १९५० पासून क्रमशः येऊ लागली आणि डिसेंबर १९५३ मध्ये संपली. तारीख पाहा. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक आकाशात गेला १९५७ साली. गागारिन १९६१ साली. आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला १९६९ च्या जुलैत. म्हणजे माणसानं पृथ्वीच्या कक्षेत टाचणीसुद्धा धाडलेली नव्हती, तेव्हा हा गृहस्थ ब्रसेल्समध्ये बसून चंद्रावरच्या मुक्कामाचं वेळापत्रक आखत होता. त्यानं कल्पनेचे घोडे मोकळे सोडले नाहीत. चंद्रावर राक्षस नाहीत, राण्या नाहीत, गवताची काडीही नाही. अलेक्झांडर अनानोफ यांचा अंतराळप्रवासावरचा ग्रंथ १९५० मध्येच निघाला होता, तो त्यानं आधाराला घेतला. रॉकेटची आतली रचना दाखवणारी, भाग सुटे करता येतील अशी प्रतिकृती बनवून घेतली, म्हणजे कुठलं पात्र कुठल्या मजल्यावर उभं आहे, शिडी कुठं आहे, दार कुठं आहे, यात चूक व्हायला नको. ती त्यानं अनानोफना दाखवलीही. मामूला जो 'नक्शा' वाटला तो खरोखरच नक्शा होता.

रॉकेटचं रूप मात्र त्यानं जर्मनीच्या व्ही-२ क्षेपणास्त्रावरून उचललं. त्या चौकटीसुद्धा तिथल्याच. चाचणीच्या वेळी रॉकेट स्वतःभोवती किती फिरतं ते लांबून कळावं म्हणून तसे रंग देत. आता हे व्ही-२ कुणावर पडलं? आपण लंडनचं नाव ऐकलेलं असतं. पण ते सर्वांत जास्त डागलं गेलं बेल्जियमच्या अँटवर्प शहरावर, १९४४-४५ मध्ये. एर्जेच्या बाल वाचकांपैकी अनेकांच्या आयांनी ते आवाज ऐकले असणार. पाच-सहा वर्षांत त्याच आकाराला लाल-पांढरे रंग देऊन, त्यात एक कुत्रा बसवून, त्यानं तो चंद्रावर पाठवला. बालपणी मला ते रॉकेट जत्रेतल्या खेळण्यासारखं वाटायचं. आता ते चित्र पाहताना थोडं थांबायला होतं.

या रॉकेटचं इंजिन अणुशक्तीवर चालतं आणि सतत चालू राहतं. त्यामुळे आतल्या माणसांना जमिनीवर उभं असल्यासारखंच वजन राहतं. अर्ध्या वाटेवर रॉकेट उलटं फिरवायचं आणि शेपटीकडून चंद्राकडे वेग कमी करत जायचं. मी मुलीला हिशेब करायला सांगितलं, ती अभियंता आहे. पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतका जोर पहिला अर्धा रस्ता पुढे आणि दुसरा अर्धा रस्ता मागे लावला, तर तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर कापायला साडेतीन तास लागतात. बार्शीहून पुण्याला एसटीनं याहून जास्त वेळ लागतो. अपोलो ११ ला चंद्राच्या कक्षेत पोचायला तीन दिवसांहून अधिक वेळ लागला, कारण त्याचं इंजिन थोडा वेळच जळलं, बाकी सगळा प्रवास गतीच्या जोरावर. सतत जळत राहील असं इंजिन आजही कुणाकडे नाही. म्हणजे हिशेब बरोबर, फक्त इंजिन तेवढं नाही.

आणि ती दारू! दोघा गुप्तहेरांच्या गोंधळात इंजिन बंद पडतं, त्याबरोबर सगळ्यांचं वजन नाहीसं होतं. हॅडॉकच्या पेल्यातली व्हिस्की बाहेर येऊन गोल चेंडू होते आणि तो तिच्यामागे तोंड उघडून तरंगत जातो. १९५० च्या सुमाराला हे कुणी पाहिलेलं नव्हतं. पण द्रवाचा पृष्ठभाग स्वतःला आवळून घेतो आणि वजन नसलं की त्याचा गोळा होतो, हे भौतिकशास्त्राला ठाऊक होतं. पुढे अंतराळवीरांनी पाण्याचे असे गोळे करून दाखवले, ते आपण दूरदर्शनवर पाहिले. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा मामू शेजाऱ्यांना ठणकावून सांगत होता, "वहाँ चाय गोल होती है. मैंने देखा है." कुठं पाहिलंस म्हणून कुणी विचारलं नाही, एवढं बरं.

चुकाही आहेत. चंद्रावरचे डोंगर एर्जेनं आणि त्याचा सहायक बॉब डी मूर यानं सुळ्यांसारखे टोकदार काढले. वारा नाही, पाऊस नाही, मग झीज कशी होईल, असा तेव्हाचा समज. प्रत्यक्षात अब्जावधी वर्षं बारीक उल्कांचा मारा सोसून चंद्राचे डोंगर गोलसर झालेले निघाले. टिनटिन एका गुहेत उतरतो आणि तिथं त्याला चक्क बर्फ लागतं. माझ्या तरुणपणी कुणी हे वाचून हसला असता, कारण अपोलोनं आणलेले दगड कोरडे ठणठणीत होते. पण आपल्या चंद्रयान-१ वरच्या उपकरणानं २००९ साली चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा दाखवल्या, ध्रुवांजवळच्या कायम अंधाऱ्या खड्ड्यांत बर्फ असल्याचे पुरावे मिळाले, आणि २०२४ साली शास्त्रज्ञांनी चंद्रावरच्या एका खोल विवराखाली गुहा असल्याचं रडारच्या नोंदींवरून दाखवून दिलं. टिनटिन उतरतो हिप्पार्कस विवरात, ते ध्रुवापासून फार दूर, तिथं बर्फ मिळायचं नाही. तरीही १९५३ चा अंदाज म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी देतो. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरलं, त्या संध्याकाळी मला मामूची फार आठवण झाली होती.

मोठेपणी वाचताना जे दिसलं, ते मात्र यंत्रांत नव्हतं.

या पुस्तकात फ्रँक वोल्फ नावाचा एक इंजिनिअर आहे. प्रोफेसर कॅलक्युलसचा उजवा हात. चष्मा, खाली पडलेली नजर, कामात चोख. मुलांच्या नजरेत तो भरतच नाही. तो पडत नाही, शिव्या देत नाही, विनोद करत नाही. पहिला भाग न वाचल्यामुळे मला तर तो कोण हेही नीट ठाऊक नव्हतं. आता दोन्ही भाग सलग वाचले, तेव्हा नजर सारखी त्याच्याकडे जात राहिली. सगळे चंद्राच्या गप्पा मारत असतात तेव्हा हा गप्प असतो. एर्जेनं त्याच्या कपाळावर घामाचे थेंब काढलेत. का, ते पुस्तक फार उशिरा सांगतं.

वोल्फ अमेरिकेत रॉकेटवर काम करत होता. तिथं त्याला जुगाराचा नाद लागला. कर्ज झालं. एक माणूस भेटला, म्हणाला, मी कर्ज फेडतो, तू थोडी माहिती दे. वोल्फनं दिली. मग शरम वाटून तो देश सोडून गेला, दुसरीकडे प्रामाणिकपणे कामाला लागला. पण त्या लोकांनी त्याला तिथंही शोधून काढलं. आता त्यांना रॉकेटच हवं होतं. त्यासाठी वोल्फनं त्यांचा एक माणूस, जॉर्गन, सामानाच्या पेटीत लपवून रॉकेटमध्ये आणला होता.

इथं पुस्तकातला खरा पेच सुरू होतो, आणि तो प्राणवायूचा आहे. रॉकेट निघालं चार माणसं आणि एका कुत्र्यासाठी. दोघे गुप्तहेर रात्रीच्या एक चौतीसला दुपारची वेळ समजून आतच राहिले, म्हणून झाले सहा. मग जॉर्गन निघाला, सात. टाक्या तेवढ्याच. चंद्रावर जॉर्गन रॉकेट पळवायचा प्रयत्न करतो, तो फसतो, रॉकेट नादुरुस्त होतं, दुरुस्तीत वेळ जातो आणि तितका प्राणवायूही. आता परतीला तो सगळ्यांना पुरेल का? हॅडॉक म्हणतो, या दोघांना इथंच सोडा. टिनटिन ऐकत नाही. सगळ्यांना घेऊन निघायचं, पुढचं पुढे. मुलांच्या पुस्तकात हा निर्णय दोन चित्रांत उरकला आहे. मी त्या दोन चित्रांवर बराच वेळ होतो. शत्रूलाही त्याच्या वाट्याचा श्वास द्यायचा, स्वतःचा श्वास कमी पडणार हे ठाऊक असून. टिनटिनबद्दल तो मला फारच सद्गुणी वाटतो अशी माझी तक्रार होती. ती मी इथं मागे घेतली.

परतीच्या वाटेवर जॉर्गन सुटतो, सगळ्यांना मारायला निघतो. वोल्फ मध्ये पडतो, झटापटीत गोळी सुटते आणि जॉर्गन मरतो. पण हिशेब अजूनही जुळत नसतो. मग सगळे झोपलेले असताना वोल्फ एक चिठ्ठी लिहून ठेवतो, रॉकेटचं बाहेरचं दार उघडतो आणि अंधारात निघून जातो. एकाचा श्वास वाचावा म्हणून.

मुलांच्या चित्रपुस्तकात १९५३ साली हे होतं. बेल्जियममधल्या कॅथलिक मंडळींना ते रुचलं नाही. आत्महत्या हे त्यांच्या धर्मात महापाप, आपल्याकडेही तसंच आहे. ते मुलांपुढे थोर त्याग म्हणून मांडायचं? दबाव आला. एर्जेनं चिठ्ठीत एक वाक्य घातलं. कदाचित एखादा चमत्कार होऊन आपणही वाचू, अशा आशयाचं. म्हणजे हा मरायला गेलेला नाही, फक्त बाहेर गेला आहे. पुढे एर्जेनं या तडजोडीबद्दल खंत व्यक्त केली. रॉकेटच्या बाहेर, काळ्या पोकळीत, कुठून चमत्कार होणार? एवढा काटेकोर माणूस! व्हिस्कीचा चेंडू चुकू दिला नाही, शिडीची पायरी चुकू दिली नाही, आणि एवढ्या एका वाक्यात शास्त्र सोडून दिलं.

हे सगळं रचत असताना एर्जे स्वतः धड नव्हता, हेही आता कळलं. १९५० च्या सप्टेंबरात मालिका थांबली ती थेट १९५२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाली. दीड वर्षाहून जास्त काळ टिनटिन अर्ध्या वाटेवर. एर्जेचं मन खचलं होतं, कामाचा ताण सोसेना, निराशेचे झटके येत होते. वाचक विचारत राहिले. वोल्फच्या कपाळावरचे घामाचे थेंब कुठून आले असतील, असं मनात येतं. अर्थात हा माझा तर्क.

आता मामूच्या गोष्टीतल्या वोल्फबद्दल. त्या चिठ्ठीच्या पानावर आम्ही आलो तेव्हाचं मला स्पष्ट आठवतं. चित्रांमध्ये नुसती अक्षरं, आणि ती वाचणाऱ्यांचे उतरलेले चेहरे. मी विचारलं, "क्या हुआ? वो चष्मेवाला कहाँ गया?" मामू त्या पानाकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिला. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण चेहरे त्याला वाचता यायचे. मग म्हणाला, रॉकेटची मोटार बाहेरून बिघडली होती. ती दुरुस्त करायला तो बाहेर गेला. त्याच्याइतकं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं ना.

"मग परत कसा येणार?"

"मागून दुसरं रॉकेट येतंय, त्यात बसून."

"ते कधी येतं?"

"पुढच्या पुस्तकात."

त्या पुढच्या पुस्तकासाठी मी कितीतरी दिवस मामूच्या मागे लागलो होतो. टिनटिनची त्यानंतरही पुस्तकं निघाली. वोल्फ त्यांत कुठंही नाही.

मामूला मटक्याचा नाद होता. हे मला मोठेपणी कळलं, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, मुलांना सोडून. आजच्या तरुणांना मटका फक्त ऐकून ठाऊक असेल. सुरुवातीला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर चालायचा, तिथून तारेनं येणाऱ्या आकड्यांवर मुंबईत पैसे लागायचे. पुढे मुंबईतच मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, म्हणून मटका. गावोगावच्या पानपट्टीवर ओपन आणि क्लोजचे आकडे खडूनं लिहिलेले असायचे. मामू हिशेबी माणूस. तारेचे वेढे मोजणाऱ्याला वाटायचं, या आकड्यांचाही वेढा आपल्याला सापडेल. त्याच्या कागदांत नंतर आकड्यांची पानंच्या पानं निघाली.

१९८५ च्या पावसाळ्यात मामू गेला. एका शेतात विहिरीवर मोटार बसवायला गेला होता. मोटार बसवून झालेली होती, चालूही होती. घरी सांगण्यात आलं, पाय घसरला. मौलवीसाहेबांना सांगितलं, पाय घसरला. ते वृद्ध गृहस्थ होते, त्यांनी अब्बांच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं, 'अल्लाह मगफिरत करे' म्हणाले आणि जनाज्याची नमाज पढवली. मी चौदा वर्षांचा होतो, मलाही पाय घसरला हेच ठाऊक होतं. बरीच वर्षं मी विहिरीच्या काठाला जात नसे, घसरेन म्हणून.

कर्ज किती होतं? अब्बांनी ते पुढे फेडलं, तेव्हा आकडा कळला. त्या काळातही तो अशक्य नव्हता. दुकानमालकानं उचल दिली असती. अम्मीच्या बांगड्या होत्या. त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. आमच्या टाकीतला प्राणवायू काही संपलेला नव्हता. त्याला तसा वाटला. वोल्फच्या गोष्टीत निदान शेवटी एवढं दिसतं, की रॉकेट जमिनीवर उतरतं तेव्हा आतले सगळे बेशुद्ध असतात आणि जेमतेम वाचतात. त्याच्या श्वासाचा हिशेब कुणाच्या तरी नावावर जमा होतो. मामूच्या जाण्यानं मामी माहेरी गेली, तिची दोन मुलं शाळा सोडून कामाला लागली. जमा काहीच झालं नाही.

म्हणून पुण्याहून परतताना एसटीत, खिडकीच्या उजेडात ती चिठ्ठी पहिल्यांदा वाचली, तेव्हा ते चमत्काराचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. एक कवी म्हणून मला ते खटकलं. जोडकाम दिसतं, टाका वर आलेला दिसतो. ते नसतं तर पान जास्त खरं झालं असतं, एर्जेची खंत मला पटते. पण मग आमच्या घरातलं ते दोन शब्दांचं वाक्यही त्याच जातीचं होतं. त्या वाक्यामुळे मामूला कफन मिळालं, दुआ मिळाली, मामीला चारचौघांत मान वर करता आली. आणि त्याच वाक्यामुळे आमच्या घरात पुढे कधी कुणी त्याच्याबद्दल नीट बोललं नाही, त्याच्या मुलांशीही नाही. त्याचा थोरला मुलगा मला एकदा विचारत होता, मी विषय बदलला. आता त्याला हे पुस्तक पाठवणार आहे. सोबत काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.

अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे. डोळ्यांनी कमी दिसतं. पुस्तक घरी आणलं तेव्हा तिनं ते जवळ घेऊन, रॉकेटवर बोट फिरवून ओळखलं. म्हणाली, "ये तो उसकी किताब." मी म्हटलं, तीच नव्हे, तसलीच दुसरी. तिनं पानं उलटली. गालिच्या द्यायला शिकवणारा तो दाढीवाला तिला आठवत होता. मग त्या चिठ्ठीच्या पानावर तिचा हात थांबला. तिथं चित्रं कमी आणि अक्षरं फार, म्हणून असेल.

"ये चष्मेवाला कहाँ गया?"

मी पुस्तक हातात घेतलं. आता मला इंग्रजी येतं.

"रॉकेट दुरुस्त करने बाहर गया, अम्मी."

"फिर?"

"पीछे से दूसरा रॉकेट आ रहा है."

तिनं मान हलवली आणि पुढचं पान दाखव म्हणाली.